विषाच्या दिवशी पूर्णगडला

मांडवीचा काशीराम भटकी कुत्री मारायच्या कामावर होता. ठेका दुसऱ्या कुणाचा होता. काशीरामकडे होतं ते मटणाच्या तुकड्यांत विष भरून पहाटे गल्लीबोळांत टाकणं आणि ऊन वर यायच्या आत मेलेली कुत्री हातगाडीत घालणं. ऐंशी सालानंतर गावात पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव वाढला होता, त्यामुळे काम थांबत नसे.

त्याच्या स्वतःच्या घरी लाल्या नावाचा कुत्रा होता. बांधला तरी दावं कुरतडून सुटायचा. म्हणून विष टाकायच्या आदल्या दिवशी काशीराम त्याला राजदूत मोटारसायकलवरून पूर्णगडला, बहिणीकडे, पोचवायचा.

पहिल्या खेपेला त्यानं लाल्याच्या गळ्यातली दोरी कॅरियरला बांधली. भाट्याच्या पुलावर समोरून एसटी आली, लाल्या बिचकून उडाला आणि दोरीला लटकला. काशीरामनं गाडी आडवी टाकून दोरी कापली. कुत्रं बराच वेळ तोंड वासून पडून होतं. त्यानंतर त्यानं कॅरियरवर आंब्याची लाकडी पेटी आवळली, आत गोणपाट घातलं आणि गळ्याऐवजी छातीभोवती रुंद पट्टा बांधला. बसता-उठता येईल, उडी मारता येणार नाही, एवढाच तो आखूड ठेवला. वाटेत ओकू नये म्हणून निघण्याआधी तो लाल्याला खायला देत नसे. वाटेत पावस गावात थांबून पाणी पाजायचा.

शेजारच्या गोदूबाईच्या हे लक्षात आलं. तिचा मुलगा बाळा मुंबईला गोदीत कामाला होता. घरात ती आणि तिची भुरी कुत्री.

"काशीराम, तुजा लाल्या गाडीवर बसला की दुसऱ्या दिवशी कुत्री मरतात," ती म्हणाली. "माज्या भुरीला पन ने."

"दोन कुत्री कशी न्हेऊ, मावशी?"

"मग सकाळी तूच तिला हातगाडीत घालशील."

काशीरामनं पेटी मोठी केली, मधे फळी ठोकली आणि पुढच्या खेपेपासून दोघांना न्यायला लागला.

एका खेपेनंतर काही आठवड्यांनी भुरी सुस्तावली. अन्नाला तोंड लावीना, कोपऱ्यात बसून राही. मग एक दिवस कुठंतरी निघून गेली, ती परतली नाही. काशीरामला संशय आला.

"मावशी, तुमाला चावली नाय ना?"

"नाय रे," गोदूबाई म्हणाली.

भर पावसाळ्यात गोदूबाईला ताप भरला. घशाखाली पाणी उतरेना. पेला पुढे केला की अंग झटके खाई. काशीराम तिला रिक्षातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी कुत्र्याचंच विचारलं. तेव्हा तिनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळ बारीकसा वण होता.

"तेव्हा का नाय सांगितलंत?" काशीरामनं विचारलं.

"तू तिला तुकडा घातला असतास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

काशीरामनं पूर्णगड गाठलं. बहीण चिमा सांगू लागली, "उन्हाळ्यात एकदा कोला शिरला होता वाडीत. दोघं त्याच्या अंगावर गेली. थोडं खरचटलं त्यांना. कुत्र्यांचं चालायचंच, म्हनून बोलले नाय." लाल्याचा कान तेव्हापासूनच फाटलेला होता. काशीरामला तो पेटीच्या खिळ्यानं फाटला असं वाटलं होतं.

घरी परतून पाहिलं तर लाल्या धडधाकट होता. खात होता, ओळखीनं शेपूट हलवत होता. पण दारासमोर पोरं खेळायची. काशीरामनं एक दिवस वाट पाहिली, मग परसात बसून आपल्या हातानं त्याला विषाचा तुकडा भरवला. लाल्यानं तो नेहमीसारखा हावरटपणानं गिळला. पुढचं काशीराम इतर कुत्र्यांच्या बाबतीत कधी थांबून बघत नसे. या खेपेला बसून राहिला.

काम त्यानं सोडलं. त्याच्या जागी दुसरा माणूस आला. भुरीला आणि लाल्याला हाताळलं होतं म्हणून बेंबीभोवतीची रेबीजची इंजेक्शनं घ्यायला काशीराम दवाखान्याच्या बाकावर बसला होता, तेव्हा आईचं कार्य उरकून बाळा त्याला भेटायला आला. काशीरामनं त्याला सगळं सांगितलं, कोल्ह्याचंही.

बाळा जमिनीकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आईनं पत्रात लिवलं होतं. काशीराम भुरीला संबाळून न्हेतो, काळजी नको."

काशीरामला नर्सनं आत बोलावलं. तो उठून गेला.