मलिद्याचं ताट

आमच्या ह्यांचा आवडता संदेष्टा म्हणजे एलीया. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा, राजाला तोंडावर सुनावणारा. हे पनवेलच्या आमच्या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, आणि वर्षातून दोन-तीनदा तरी उपदेशात तो अग्नी उतरायचाच. मी पुढच्या बाकावर बसून मनात म्हणायची, झालं, पेटलं लाकूड. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवसभर पोरींवर ओरडून घसा बसायचा, तरी घरी येऊन ह्यांच्याशी भांडायला आवाज शिल्लक असायचा. मी तापट आणि हे हळवे. लोकांना मात्र उलटंच वाटायचं.

मंडळीत एक म्हातारी होती. नगरपालिकेची झाडूवाली, नवरा गेल्यावर बाप्तिस्मा घेतलेली. ती शेवटच्या बाकाच्या टोकाला बसे. प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांकडून फिरत शेवटी तिच्याकडे जायचा. ती घोटभर घ्यायची आणि पदराने काठ पुसून परत करायची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि थांबवलंही नव्हतं.

एका रविवारी ह्यांच्या मनात काय आलं देव जाणे, ह्यांनी प्याला आधी तिलाच दिला. ती प्यायल्यावर ज्याच्या त्याच्या हातात प्याला हळूच फिरला. काठाची दुसरी बाजू शोधून लोकांनी ओठ लावले. मी फिरवला नाही, पण त्यात माझी काही थोरवी नव्हती. पेटीवाल्याने सूर चुकवला होता आणि मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात मंडळीची सभा भरली. आमच्यातले एक वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, भाताच्या गिरणीचे मालक, मोठं प्रस्थ. ते गोड आवाजात म्हणाले, "पाळकसाहेब, रोगराईचे दिवस आहेत. म्हातारीला वेगळा ग्लास ठेवू या."

"मग सगळ्यांनाच वेगळे ठेवू," हे म्हणाले. "रोग काय तिच्याच तोंडात आहे?"

आणि मग आला एलीया. दोन्ही दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभे राहणार, वगैरे. त्या दिवशी मात्र मी मनातसुद्धा चेष्टा केली नाही. हात वर झाले, ह्यांची बाजू थोडक्यात जिंकली. घरी आले ते चेहरा उजळलेलाच. मी करंजा बंदरावरच्या कोळणीकडून घेतलेले सुक्या कोळंबीचे सोडे घालून वांगं केलं होतं, ते दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यांच्या बायकोचा निरोप आला. ह्या पाळकाचं बिऱ्हाड पावसाळ्याआधी हलवते की नाही बघाच, असा. त्या रविवारी निम्मे बाक रिकामे. त्याच्या पुढच्या रविवारी पेटीवालाही आला नाही. म्हातारी मात्र आली. रिकाम्या बाकांकडे बघून ह्यांना म्हणाली, "सायेब, माज्यामुळं झालं ह्ये. मी येत नाय आता."

तिथे ह्यांचं अवसान गळालं. घरी येऊन जे अंथरूण धरलं ते सोडेनात. जेवण नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड. चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाले, "मिशनला कळवतो, दुसरा माणूस पाठवा. मी एकटा पडलोय. तू ट्रंका भरायला घे."

"ट्रंकांना मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही गेलात की गिरणीवाले आपला माणूस आणतील, आणि म्हातारीच्या हातात तो ग्लास येईल. मग सभेत एवढं बोललात कशाला?"

ह्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

लोक भेटायला येत. जो तो वचन घेऊन. एक निवृत्त प्रचारक रोज सकाळी बायबलातलं इयोबाचं पुस्तक वाचून दाखवत. माझ्या नणंदेने उपास धरायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, हा माणूस कधीपासून उपाशीच आहे, आणखी कसला उपास? तिने माझ्या विश्वासाबद्दल दुःख व्यक्त केलं आणि दोन कप चहा पिऊन गेली.

आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, एक कुटुंब राहायचं. त्या घरच्या मावशी एलीयाला एलियाहू हानाबी म्हणत आणि त्याच्या नावाने मलिदा करत. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि वर फळांच्या फोडी. मनातलं काम झालं की ताट सजवून प्रार्थना व्हायची आणि शेजारीपाजारी मलिदा वाटला जायचा. फक्त आमच्याकडे यायचा नाही. संदेष्टा देवाचा सेवक, त्याला नवस बोलायचा नसतो, नवसाचं खायचं नसतं, असं ह्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं. मावशींनी मनाला लावून घेतलं नाही. त्या दिवशी त्या आमच्याकडे नुसती केळी पाठवत.

त्यांच्या मुलाचं इस्राएलला जायचं पक्कं झालं, म्हणून त्या आठवड्यात मलिदा होता. दुपारी मावशी स्वतःच ताट घेऊन आल्या. केळी नाहीत, मलिदाच. सरळ ह्यांच्या खाटेपाशी गेल्या.

"पाद्रीसाहेब, उठा. खाऊन घ्या."

"मावशी, तुम्हाला माहीत आहे, मी हे—"

"माहीत आहे. आमच्या एलियाहूनं पण असंच अंग टाकलं होतं. झाडाखाली. म्हणाला, देवा, आता ने मला. देवानं त्याला काय शिकवण दिली? भाकर घेऊन दूत पाठवला, म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून खायला घातलं. बोलणं सगळं नंतर."

मी थक्क झाले. इतक्या वर्षांत अग्नी कितीतरी वेळा ऐकला होता. ही भाकर एकदाही नाही. ह्यांनी ताट हलकेच बाजूला सारलं. मग मात्र माझा तोल सुटला.

"वा! म्हातारीच्या तोंडचा प्याला सगळ्यांनी प्यावा म्हणून बाक रिकामे केलेत, आणि मावशींच्या हातचं ताट तुम्हाला चालत नाही? मग गिरणीवाल्यांचं काय चुकलं?"

मावशी पदराने वारा घेत बसल्या. हे कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिले. मग उठून बसले, हात धुवायला पाणी मागितलं आणि खाऊ लागले. आधी चिमूटभर, मग घासाने. खाता खाता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. खाऊन झोपले. संध्याकाळी मावशी आणखी एक ताट घेऊन आल्या आणि तेही ह्यांनी संपवलं. मिशनचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करून म्हातारीच्या घरी गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण रविवारी ती आली. माणसं मोजकीच होती. पेटी नव्हती, म्हणून गाणं मीच उचललं, माझ्या मास्तरणीच्या आवाजात. गाणं संपता संपता मागचं दार वाजलं. गिरणीवाल्यांची धाकटी सून, एकटीच. घरचं कोणी सोबत नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती माझ्या शेजारी येऊन बसली.

ह्यांनी प्याला घेतला आणि शेवटच्या बाकापाशी गेले. म्हातारीने घोट घेतला आणि सवयीने पदर काठाला नेला. ह्यांनी तिचा हात धरला.

"राहू द्या, आजी."

"सायेब, माजं तोंड लागलंय."

"म्हणूनच," हे म्हणाले, आणि त्याच जागी ओठ लावून प्याले.

मग प्याला माझ्याकडे आला. मी प्याले आणि गिरणीवाल्यांच्या सुनेकडे दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, क्षणभर म्हातारीकडे पाहिलं, आणि फिरवला नाही.