वाल्देसीरची घाई

वाल्देसीर जन्माला आला तोच सातव्या महिन्यात, आणि तेव्हापासून तो कुठे स्वस्थ म्हणून बसला नाही. मादुरेरा वस्तीतल्या घरात कॉफी उभ्यानंच पितो, बस दिसायच्या आधीच हात करतो. बायको झुरेमा सांगते, लग्नात पाद्रीचा प्रश्न पुरा व्हायच्या आत या माणसानं ‘हो’ म्हणून टाकलं.

चव्वेचाळीस वर्षं तो एकाच बँडमध्ये खंजिरी वाजवतोय. सांबाची खंजिरी आणि जॅझचा पियानो एका घरात नांदायचे नाहीत, असं तेव्हा लोक म्हणत. नांदले, कुरकुरत का होईना. या बँडमध्ये एक-दोन-तीन म्हणून कुणी सुरुवात करत नाही. आधी खंजिरी वाजते, मग बाकीचे तिच्यात शिरतात. फक्त वाल्देसीर दर वेळी जरा पुढे पळतो. म्हणून पियानोवाला ओतासिल्यु प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याच्या कानात एकच शब्द सांगतो, ‘सावकाश.’ तीन ड्रमवाले आले नि गेले, हा शब्द मात्र राहिला.

यंदा मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला. मागच्या पडद्यावर जुनी चित्रफीत चालणार होती. ती संगीताशी जुळावी म्हणून सगळ्यांनी कानात यंत्राची टिकटिक घालून वाजवायचं ठरलं. वाल्देसीरला जमलं नाही, तर सुरुवातही यंत्रच करणार होतं. ती पहिली थाप गेली तर या बँडमध्ये आपलं काय उरतं, ते त्याला कळेना.

महिनाभर तो कानात टिकटिक घालून बोटं आपटत हिंडला. टेबलावर, खिडकीवर, झुरेमाच्या पातेल्यावरसुद्धा.

“राजमा तरी निवांत शिजू दे,” ती वैतागली. “का त्यालाही पळवायचंय?”

तालमीच्या दुपारी त्यानं थाप मारली. अगदी टिकटिकीवर, तसूभरही पुढे नाही. आणि सगळा बँड कोलमडला. बास गिटारवाला आधीच शिरला, ओतासिल्युचा डावा हात अडखळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कानात टिकटिक असूनही जो तो सवयीनं पुढे पळणाऱ्या वाल्देसीरला गाठायला धावत होता, आणि तो तिथं नव्हताच.

आपलंच चुकलं असं समजून वाल्देसीर खंजिरी पिशवीत भरायला लागला.

“ठेव ती पिशवी,” ओतासिल्यु म्हणाला. “चव्वेचाळीस वर्षं तुझी कॉलर धरून वाजवतोय मी, लेका. आज तू जागचा हललाच नाहीस, मग धरू काय?”

“मग सावकाश, सावकाश कशाला म्हणायचास?”

“तू ऐकणार नाहीस याची खात्री होती म्हणून.”

चित्रफीत रद्द झाली, टिकटिक गेली. पण कार्यक्रमाला पडद्याआड उभं राहिल्यावर वाल्देसीरनं हातांकडे पाहिलं, तर महिनाभराच्या सरावानं ते गप्प पडलेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कसलीही घाई नव्हती, आणि तो मनातून पार घाबरला. नेहमीसारखा ओतासिल्यु आला, त्याच्या कानाशी वाकला.

“पळ,” म्हणाला.