आबांना दिसलेली दीर्घिका

मी फिजिक्सचा शिक्षक. अकरावी-बारावीच्या पोरांना प्रकाश शिकवतो. भूत, करणी, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलतो. तरी आज हे लिहितोय. हसा खुशाल.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कंपन्यांच्या उजेडामुळे तळेगावातून आता तारे दिसत नाहीत, म्हणून इंदुरी गावापलीकडे, ओळखीच्या एका शेतकरी आबांच्या मळ्यातल्या घराच्या गच्चीवर मी दुर्बीण लावायचो. एकच ध्यास — कालेय तारकासमूहातली एक दीर्घिका. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर, भिंगाच्या आकाराची. मोठ्या वेधशाळांच्या फोटोत तिच्या मधोमध धुळीची काळी रेघ दिसते. मला साधा धुरकट ठिपकाही सापडत नव्हता.

शेवटी आबा वैतागले. "सर, म्हयना झाला. काय हाय ते आज मला दावा, न्हाईतर हे नळकांडं उचला. सुनंला गच्चीवर कुरडया घालायच्यात."

एवढी अंधारी गच्ची मला दुसरीकडे कुठे मिळणार?

अंधार पडल्यावर मी अंदाजाने दुर्बीण रोखली. तेवढ्यात आबांच्या सूनबाई पूजेचं ताट घेऊन वर आल्या. आबा पहिल्यांदाच बघणार होते; ट्रॅक्टर असो की मिक्सर, या घरात पूजेशिवाय काही सुरू होत नाही. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, आणि आबांनी डोळा लावला. तोही मोतीबिंदूवाला!

मग म्हणाले, "मसुराचा दाणा हाय. कलता पडलाय. मधनं काळी रेघ गेलीया, क्येसावानी."

मी गारच पडलो. माझ्या एवढ्याशा दुर्बिणीतून ती रेघ दिसणं शक्य नाही. तिच्याबद्दल मी तिथे अवाक्षर काढलं नव्हतं. आबांकडे बटणांचा फोन, फोटो कुठून बघणार?

"ऱ्हाऊ द्या तुमचं नळकांडं. कुरडया खाली घालू," म्हणत आबा जेवायला उतरले.

मी अधाशासारखा डोळा लावला. मिट्ट काळोख. पुढे जाऊन दुर्बिणीच्या तोंडाशी पाहिलं... पूजेत काचेवर कुंकू पडू नये म्हणून मीच झाकण लावलं होतं. ते तसंच होतं — वर हळद-कुंकवाची बोटं!

झाकण काढून दोन तास शोधलं. काही नाही.

आबांना झाकणाचं सांगितलं तर गच्ची गेलीच समजा. ते आता येईल त्या पाहुण्याला वर आणतात, सगळं रंगवून सांगतात आणि मला विचारतात, "व्हय का न्हाई, सर?"

आणि मी, ज्याला ती दीर्घिका अजून एकदाही दिसलेली नाही, मान डोलावून सांगतो, "हो आबा. रेघसुद्धा."