एकोणीस अर्जांवरची नावं

दत्तारामकाकांवर अन्याय झाला तो सुनावणीच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. टेबलामागच्या साहेबांनी त्यांच्या गठ्ठ्यातले एकोणीस अर्ज बाजूला सारले. "वाचता येत नाहीत." तीन आठवड्यांपूर्वी काका गेले. तुयेहून फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला...

काका तुयेच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर पत्रं तयार करायचे. भाषेच्या आंदोलनात त्यांनी मराठीसाठी पत्रकांची स्टेन्सिलं कापली होती. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. सुर्ल्यातून जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांविरुद्ध लोकांनी हरकती घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. यादीतला माणूस घ्यायचा, त्याची तक्रार अर्जात घालायची, खाली चौकटीत नाव छापायचं, डावीकडे अंगठ्याला जागा सोडून. "शाई नावावर गेली की साहेबाला निमित्त मिळतं," म्हणायचे.

तक्रारी मात्र त्यांनी कुणाच्याच कापल्या नाहीत. सत्यभामाआजीच्या विहिरीत खनिजाची माती उतरली होती.

"माझ्या बांयचा पाणी तांबडा झाला, ता लिव."

"लिहिलं, आजी," काका म्हणाले.

"भाताचा? सुनेच्या खोकल्याचा? हसतंस कित्याक?"

"पान संपत आलं."

"तुझा पान संपला. माझा सांगणा खंय संपला?"

चूक तिथेच झाली. नावाची चौकट त्यांनी पानाच्या वरच्या कडेपासून मोजून बसवली होती. ती मजकुराच्या शेवटाला बांधायला हवी होती, म्हणजे मजकूर वाढला की खाली सरकली असती. ज्यांची तक्रार चार ओळींची, त्यांचे अर्ज सुबक निघाले. ज्यांना सांगायचं जास्त होतं, त्यांच्या शब्दांवरच त्यांचं नाव छापलं गेलं. काकांनी वरचे दोन-तीन कागद तेवढे तपासले होते.

"माझी चूक," ते साहेबांना म्हणाले. "दुपारपर्यंत नवे आणतो." आणले. घरोघर फिरून आम्ही पुन्हा अंगठे घेतले. तीन वाजता पोचलो, सुनावणी चालूच होती. साहेबांनी गठ्ठा उघडलासुद्धा नाही. "बाद म्हणून एकदा नोंद झाली." काकांची चूक मला कबूल आहे. पण ती दुरुस्त करू न देणं, हा अन्याय. आपलं वेगळं राज्य झाल्यावर आपल्या भाषेत अर्ज देता येईल, असं आम्हाला सांगितलं होतं. तो घ्यायला कुणी हात पुढे करील, असं नव्हतं सांगितलं.

परवा काकूंनी मला काकांच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटरवर टॉवेल, शेजारी ते दुरुस्त अर्ज, सुतळीत बांधलेले. प्रत्येक नाव आपापल्या मजकुराखाली, कुठे वर, कुठे अगदी तळाशी...

पुढची सुनावणी लागली आहे. डिचोलीत राहत असाल तर या. यातला एक अर्ज हातात घ्या, साहेबांसमोर शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा, आणि पोच मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका.