निरोपाचा ‘येतो’

परवा अकोल्यात, घरी बायकोनं भज्यांसाठी ओवा हातावर चोळला आणि मला क्रीट बेटावरचे डोंगर आठवले. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर पुतणी नोकरीला होती आणि तिनं आम्हा दोघा भावांना बोलावून घेतलं होतं. पांढऱ्या खडकांतून चालताना एक काटक झुडूप पायाखाली चुरडलं, की थेट ओव्याचा वास यायचा. दादा गुडघ्यामुळे दर वळणावर बसत होता आणि मी मनातून वैतागलो होतो. शेवटी एका वळणावर "बरं दादा, येतो मी," म्हणालो आणि एकटाच वर निघालो. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, म्हणून तसं म्हणालो. तो आल्या वाटेनं बसथांब्यावर उतरेल, असं मी धरून चाललो. शिखर पाहून दुसऱ्या वाटेनं मी थांब्यावर आलो, तर दादा नव्हता. पाण्याच्या दोन्ही बाटल्या माझ्याच पाठीवर होत्या. भर उन्हात धापा टाकत पुन्हा चढलो. तो त्याच दगडावर बसलेला, ओठ कोरडे पडलेले. "काहून बे, किती उशीर? येतो म्हनून गेल्ता ना, मी हाललोच नाई." तो जिवंत दिसला, तशी मी बाटली त्याच्या हातात दिली आणि तिथंच खाली बसलो. मी दमलो असं समजून, पाणी पिऊन झाल्यावर तो माझेच पाय चेपत बसला. काल अमरावतीला त्याच्याकडे गेलो आणि खरं सांगून टाकलं, "दादा, मी तिथं परत येनार नव्हतो." त्यानं पेपरातून मान वर केली. "मंग? आला ना."