दोन बोटं माया

माझ्या लग्नानंतरचे सगळे ब्लाउज माणिकताईने शिवलेत, आणि त्यातला एकही तिने थेट कापडावर बेतलेला नाही. आधी वर्तमानपत्र कापायचं, ते अंगाला लावून बघायचं, मगच कापडाला कात्री. लग्नघरची घाई असली तरी हा क्रम मोडत नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर आहे, त्यामुळे कात्रीचा आवाज मला ओळखू येतो.

सोसायटीच्या गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मे महिन्यात ती किल्ली मागायला आली, तेव्हा मला वाटलं पापड वाळत घालायचे असतील.

"कागद पसरायचाय," ती म्हणाली. "साडेबारा फुटांचा आहे. घरात मावत नाही."

"कुणाचा ब्लाउज गं एवढा?"

"गाडीचा."

गाडीचं खूळ तसं जुनं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली आणि सुबोधरावांपेक्षा, म्हणजे तिच्या नवऱ्यापेक्षा, बरी चालवायला लागली. हे सुबोधराव स्वतःच सांगतात. एकदा हायवेच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक बुटकी, पिवळी स्पोर्ट्‌स कार येऊन थांबली. मी मागच्या सीटवर होते. माणिकताई त्या गाडीच्या दाराकडे टक लावून बघत राहिली. "ती शिवण बघितलीस? दारापासून थेट मागपर्यंत गेलीय. प्रिन्सेस कट आहे." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हिची मान वळलेलीच.

तशी गाडी आपणच बांधायची म्हणून त्यानंतर दोन वर्षं तिने काय काय वाचलं, किती व्हिडिओ बघितले, देव जाणे. घरच्या घरी गाड्या बांधणाऱ्या माणसांच्या चुका तिने एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. गाडी विजेवरचीच हवी हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं. पायाच्या मशीनला मोटर बसवली तेव्हा गुडघ्यांना जे सुख मिळालं, ते ती विसरलेली नव्हती. मोटर आणि बॅटरीसाठी तिने भावाच्या मुलाला, देवव्रतला, धरलं. तो अंधेरीला विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की घरी बांधलेली गाडी अशी सहज रस्त्यावर नेता येत नाही, परवानगीचं प्रकरण लांबलचक आहे. ती म्हणाली, मग ट्रॅकवर चालवीन, मला काय त्या गाडीतून भाजी आणायचीय?

खरी अडचण सांगाड्याची होती. पाइप कापून, जोडून सांगाडा करणारा माणूस तिला नाहूरला सापडला, धोंडिराम नावाचा. ग्रिल आणि जिने बनवणारा, हात सोन्यासारखा. पण त्याच्या गाळ्यामागे तीन अर्धवट सांगाडे गंजत पडले होते. हौशी लोक येतात, पाइप कापून झाल्यावर नकाशा बदलतात, मग कंटाळून येईनासे होतात. त्याने माणिकताईला सरळ सांगितलं, "ताई, दसऱ्याला मशीनची पूजा झाली की पहिला कट तुमचा. पण त्या दिवशी नकाशात सुताचा फरक करायचा म्हणालात, तर मी हात लावणार नाही. चौथा सांगाडा ठेवायला मागे जागा नाही."

म्हणजे हातात पाच महिने, आणि नकाशा एकच, पक्का.

गच्चीवर आम्ही ब्राउन पेपर चिकटवून पुरत्या मापाची गाडी कापली. एका बाजूची, वरची, मागची. बाजूचा कागद पाण्याच्या टाकीच्या भिंतीला उभा चिकटवला. मग माणिकताई त्याला लागून ठरलेल्या उंचीवर फळी टाकून पाय पसरून बसली आणि मी स्टिअरिंग म्हणून तिच्यासमोर पोळपाट धरला. पोळपाट तिच्या गुडघ्यांवर आपटला. डोकं कागदाच्या टपाच्या चार बोटं वर. पाय कागदावर आखलेल्या पेडलांच्या पार पुढे.

मला हसू आवरेना. ती मात्र गळ्यातली टेप काढून बसल्या जागी पाय पुन्हा मोजायला लागली. मापं तिने स्वतःचीच, नीट घेतली होती; पण पाठीची, हाताची, पायाची, सगळी उभ्याने.

"छत्तीस वर्षं उभ्या बायकांची मापं घेतली," ती म्हणाली. "बसलेली बाई कधी मोजलीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिने तो सगळा कागद गुंडाळून रद्दीत टाकला आणि नव्याने सुरुवात केली. या वेळी आधी बसलेली बाई, मग तिच्याभोवती गाडी.

जुलैपर्यंत कागद बसला. मग देवव्रतशी भांडण सुरू झालं. तो तिचे कागद बघून कॉम्प्युटरवर तीच गाडी काढत होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याला फट दिसत होती. सीटच्या मागे जो बॅटरीचा खण, त्याच्या दोन्ही बाजूंना तिने दोन-दोन बोटं जागा सोडलेली, ब्लाउजच्या शिवणीत जादा कापडाची माया सोडतात तशी. त्याच्या मते तेवढ्याने गाडी उगाच रुंद होत होती आणि वजनही वाढत होतं.

"आत्या, ही गाडी आहे, ब्लाउज नाही. इथे माया सोडत नाहीत."

"आणि उसवायची वेळ आली तर?"

"पाइप उसवत नसतो गं."

"म्हणूनच म्हणते."

बाकी ठिकाणी तिने ऐकलं. दाराजवळची माया काढली, बॉनेटखालची काढली, सीटमधलीसुद्धा अर्धी केली, आणि तो म्हणाला तसं सगळं घट्ट बसवलं. बॅटरीच्या खणापाशी मात्र पेन्सिल खाली ठेवली. इथे नाही, म्हणाली. देवव्रत रागावून चहा न पिता गेला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी बॅटरीची खोकी आली. देवव्रतने कंपनीच्या तक्त्यातल्या मापाप्रमाणे मागवली होती, पण त्या मापाचा माल संपला म्हणून विकणाऱ्याने न विचारता पुढचा पाठवला. ताकद तीच, डबा मोठा. देवव्रतने आमच्याच पॅसेजमध्ये सगळे डबे ओळीने लावून मोजले, आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या हिशेबाने अख्खी रांग अठ्ठावन्न मिलिमीटरने वाढली होती. परत पाठवायचं तर दुसरा माल यायला दोन महिने. सांगाडा रुंद करायचा तर धोंडिराम हात लावणार नाही.

"वाट लागली, आत्या. सॉरी. मी आधी एक डबा मागवून बघायला हवा होता."

मी माणिकताईच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा पोरगा बोलणी खाणार. ती आत गेली, बॅटरीच्या खणाचा कागद घेऊन आली, आणि डब्यांच्या शेजारी जमिनीवर पसरला. मग जमिनीवर बसून डबे एकेक करून कागदावर ढकलायला लागली. शेवटचा डबा ठेवला. दोन्ही कडांना पट्टीभर कागद अजून उघडा होता.

"मोज," ती म्हणाली.

त्याने मोजलं. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. नऊ मिलिमीटर इकडे, नऊ तिकडे.

"पॅडिंगला जेवढं लागतं तेवढंच उरलंय," तो पुटपुटला, आणि जुलैत राहिलेला चहा त्या दिवशी मागून प्यायला. दोन कप.

दसऱ्याला आम्ही तिघं नाहूरला गेलो. कटिंग मशीनला झेंडूचा हार, वेल्डिंगच्या चिमट्याला कुंकू. देवव्रतने लॅपटॉप उघडला तर धोंडिरामने तो हाताने बाजूला सारला आणि आमचा ब्राउन पेपर जमिनीवर अंथरायला सांगितला. मग त्यावर नुसते पाइप मांडून, वाकून, उकिडवं बसून तासभर बघत होता. बॅटरीच्या खणापाशी येऊन थांबला. डब्याचं माप विचारलं, बोटांनी फट मोजली.

"ही जागा आधीपासून सोडली होती?"

"मेपासून," देवव्रत म्हणाला. "मी काढायला सांगत होतो."

"आम्ही याला मार्जिन म्हणतो," धोंडिराम माणिकताईला म्हणाला.

"आम्ही माया म्हणतो."

तो पहिल्यांदाच हसला. "आता काही बदल?"

"सुताचाही नाही."

खूण करायला त्याने पेन काढलं, पण तिने पर्समधून आपला चपटा खडू काढून पाइपावर स्वतः रेघ मारली. गाळा ठिणग्यांनी भरून गेला. आवाज थांबला तेव्हा धोंडिरामने कापलेलं गरम टोक फडक्यात धरून तिच्यापुढे केलं.

"घ्या ताई. तुमचं पहिलं कातरण."

तिने ते उलटसुलट करून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मान हलवली.

"सरळ कापलंय," ती म्हणाली. "पुढचा घ्या."