कुरतडलेली कड

आमच्या म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेत वीबके टेरहोर्स्ट नमुने घासते. दाबयंत्र माझ्याकडे, मी दाबाखाली भाजायचं, तिनं चाकावर घासून चकचकीत करायचं. बाई टापटिपीची इतकी वेडी, की शेजारणीकडे कॉफीला गेली तरी तिच्या दाराची पितळी मूठ पुसून येते.

त्या सकाळी तिच्यासमोर आमच्या संशोधक इल्का म्योलर्सचा शेवटचा नमुना होता. इल्काचं म्हणणं असं, की चंद्राच्या पोटातला जड, वितळलेला रस वर चढताना वाटेतले हिरवे ऑलिविनचे स्फटिक खातो आणि स्वतःही बदलतो. तिथले काळे खडक त्यातूनच घडले. ते दाखवायला मी तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत रस आणि स्फटिक एकत्र भाजून झटक्यात गार करायचो. आधीचे दोन नमुने फुकट गेले होते. "स्फटिक ठिसूळ आहेत, माझ्या चाकावर कडा तुटतात," असं वीबके म्हणाली होती. कडा साफ होईपर्यंत घासता घासता नमुनेच संपले. आता दाबयंत्राचा गाभा तडकलेला, म्हणजे नवा नमुना होणं नाही, आणि इल्काची नोकरी शरदात संपणार.

वीबकेनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"पुन्हा तेच! कड कुरतडलीय. थांब, जरा घासते."

"दे बघू इकडे," इल्का म्हणाली.

"अगं, असं ओबडधोबड दाखवू होय? लाज वाटते मला."

"लाज गेली खड्ड्यात! चाक बंद कर आधी!"

मी धावत जाऊन बटण दाबलं. इल्का सूक्ष्मदर्शकावर वाकून बघत राहिली.

"वीबके, हे तुझ्या चाकानं तुटलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "रसानं खाल्लंय हे. खाल्लेल्या जागी नवं खनिजही धरलंय, बघ."

मी आनंदानं ओरडलोच. वीबके ओरडली नाही. ती नमुना हातात घेऊन स्टुलावर बसली.

"इल्का, आधीचे दोन्हीही हुबेहूब असेच होते गं. रसानं थोडं खाल्लं, उरलेलं मी."

इल्का हसली नाही, रागावलीही नाही. तिनं वीबकेच्या हातातून नमुना अलगद काढून घेतला आणि मुठीत घट्ट धरला.